कीबोर्ड बिघडला म्हणण्याआधी



मिक्सर फिरेना झाला की आपण काय करतो? आधी प्लग नीट बसलाय का ते बघतो. मग लाइट आहे का बघतो. मग मिक्सर उलटा करून खालचं लाल बटण दाबतो. एवढं करूनही तो फिरला नाही, तरच पिशवीत घालून दुरुस्तीला नेतो. कीबोर्डच्या बाबतीत हा शहाणपणा कुठं जातो कोण जाणे. एक अक्षर उमटलं नाही की घरात लगेच निकाल लागतो, "कंप्यूटर बिगड गया." मग तो कोपऱ्यात सरकतो, त्याच्यावर जुनी चादर येते, आणि टायपिंगच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीचा सराव तिथंच थांबतो.

हा सराव थांबणं लहान गोष्ट नाही. सरकारी लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीचं मिनिटाला ३० शब्दांचं किंवा इंग्रजीचं ४० शब्दांचं प्रमाणपत्र लागतं. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या या परीक्षा आता संगणकावरच होतात. सोलापुरात आपल्या कितीतरी मुली बारावी झाल्यावर टायपिंगचा वर्ग लावतात. घरापासून जवळ, फी आवाक्यातली आणि पुढं नोकरीची आशा. त्यातल्या एखादीच्या घरी भावाचा जुना संगणक असतो आणि तिचा सगळा सराव त्याच्यावर चालतो. तो महिनाभर झाकून राहिला तर बोटं जड होतात आणि परीक्षा हातची जाते. कारण विचाराल, तर बऱ्याचदा एक चुकून चालू झालेली सेटिंग.

दुसरं नुकसान आणखी खोल आहे, कारण ते नावाला लागतं. ते मी शेवटी सांगते. आधी बिघाड शोधायचा कसा ते पाहू. माझा एकच नियम आहे. फुकटची तपासणी आधी, खर्चाची सगळ्यात शेवटी.

पहिला प्रश्न: बिघडलंय नक्की काय?

"चालत नाही" हे उत्तर नव्हे. डॉक्टरांपुढं बसून नुसतं "बरं नाही" म्हटलं तर ते विचारणारच, ताप आहे की खोकला? तसंच इथंही विचारायचं. सगळीच बटणं बंद आहेत का? एकच बंद आहे का? चार-पाच बंद आहेत का? की सगळी चालतात, पण भलतीच अक्षरं उमटतात? की एकदा दाबलं तर अक्षर पाच वेळा उमटतं? या प्रत्येकाचं कारण वेगळं आहे आणि इलाजही वेगळा आहे.

सगळीच बटणं बंद

कॅप्स लॉक दाबा आणि त्याचा दिवा बघा. दिवा लागला-विझला तर कीबोर्ड आणि संगणक एकमेकांशी बोलत आहेत, बिघाड पुढं कुठंतरी आहे. दिवा हललाच नाही तर वायरीकडं जा. यूएसबीची पिन काढून दुसऱ्या छिद्रात घाला. जुन्या संगणकाला कीबोर्डसाठी जांभळी गोल पिन असते. ती चालू संगणकात काढून घातली तर कीबोर्ड सहसा ओळखला जात नाही. संगणक बंद करून पिन बसवा आणि मग सुरू करा. बिनवायरचा कीबोर्ड असेल तर आधी सेल बदला.

एवढ्यानं भागलं नाही तर आणखी एक खूण आहे. संगणक सुरू होताना, विंडोज यायच्या आधी, एफ-२ किंवा डिलीट दाबून बघा. कोणतं बटण ते कंपनीप्रमाणं बदलतं, पण सुरुवातीच्या पडद्यावर बहुधा लिहिलेलं असतं. आतली निळी किंवा काळी सेटिंगची पाटी उघडली, तर कीबोर्ड धडधाकट आहे आणि दुखणं विंडोजमध्ये आहे. असं असताना नवा कीबोर्ड आणला तर तोही चालणार नाही, पैसे मात्र जातील.

भलतीच अक्षरं उमटतात

याला मी बिघाड म्हणतच नाही. बटण तेच राहतं, त्याला संगणकानं दिलेला अर्थ बदललेला असतो.

मराठीत हे फार होतं, कारण आपल्याकडं एकाहून जास्त मांडण्या चालतात. जुन्या टाइपरायटरवरून आलेली रेमिंग्टन मांडणी टायपिंगच्या वर्गात अजून शिकवतात. इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठी ठरवलेली मांडणी, १९९१ च्या भारतीय मानकात ती आहे. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. तिची गंमत अशी की के बटणावर मराठीत 'क' आहे, तसा तेलुगूतही 'क' आहे आणि कानडीतही. आपल्या सोलापूरसारख्या चार भाषांच्या गावाला ही मोठीच सोय. पण रेमिंग्टनमध्ये त्याच के बटणावर काना आहे! वर्गात रेमिंग्टन शिकलेली मुलगी घरी इनस्क्रिप्ट चालू असलेल्या संगणकावर बसली तर तिला वाटणारच की सगळा कीबोर्ड फिरलाय. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली भाषेची खूण असते, ती बघा. विंडोजचं बटण धरून स्पेस दाबलं की यादीतल्या भाषा आणि मांडण्या एकेक करून बदलतात.

उर्दूत वेगळाच घोळ होतो. लिपी सारखी दिसते म्हणून कुणीतरी यादीतून अरबी कीबोर्ड निवडतो. मग पे, चे, टे, डाल, गाफ सापडत नाहीत आणि "ये बटनां हैच नै" अशी तक्रार येते. अरबीला ही अक्षरं लागत नाहीत, म्हणून तिथं ती नाहीत. शिवाय अरबी 'ये' आणि उर्दू 'ये' संगणकाच्या हिशेबात दोन वेगळी अक्षरं आहेत. अरबी मांडणीवर 'अली' लिहा, शेवटच्या ये खाली दोन नुक्ते दिसतील. 'काफ'चंही तसंच. डोळ्यांना फरक जाणवला नाही तरी संगणकाला जाणवतो, आणि मग यादीत असलेलं नाव शोधूनही सापडत नाही. यादीत उर्दू वेगळी दिलेली असते, तीच निवडा.

इंग्रजीत ईमेलचं ॲट चिन्ह दाबल्यावर अवतरण चिन्ह उमटत असेल तर इंग्लंडची मांडणी चालू आहे, अमेरिकेची किंवा भारताची करा. लहान लॅपटॉपवर जे, के, एल च्या जागी १, २, ३ उमटत असतील तर नम लॉक चालू राहिलंय, ते बंद करा. आणि कुणी पेनड्राइव्हवर दिलेली मराठी फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसला, तर त्यात कीबोर्डचा काही संबंध नाही. ती फाइल कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे आणि तो फॉन्ट तुमच्या संगणकात नाही, इतकंच.

बटण दाबूनही अक्षर उशिरा येतं

घरात लहान मूल असेल तर आधी हे तपासा. उजवीकडचं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की विंडोज 'फिल्टर कीज' नावाची सोय चालू करायची का ते विचारतं. मूल एंटर दाबून मोकळं होतं. ही सोय हात थरथरणाऱ्या लोकांसाठी आहे. तिच्यात हलका, झटपट स्पर्श संगणक मोजतच नाही. मग आपण टायपिंग करतो आणि निम्मी अक्षरं गळतात. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं तर 'स्टिकी कीज' येते, तिच्यामुळं शिफ्ट, कंट्रोल दाबून सोडलं तरी चिकटून राहतात. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड. दोन्ही बंद करा. दमडीचा खर्च नाही.

एखादंच बटण मेलंय

आता धुळीकडं वळू. आपल्या गावात धूळ आहेच, पण ज्यांच्या घराशेजारी यंत्रमाग चालतात त्यांच्याकडं सुताचे बारीक तंतू उडत असतात आणि ते बटणांच्या फटीत जाऊन बसतात. विडी वळणाऱ्या घरात तंबाखूची भुकटी असते. त्यात चिवड्याचे, बिस्किटांचे कण मिळाले की बटणाखाली गादीच तयार होते.

संगणक बंद करा, कीबोर्डची वायर काढा. कीबोर्ड उलटा धरून पाठीवर हळू थोपटा. रंगकामाच्या मऊ, कोरड्या ब्रशनं फटी झाडा. बटणांवरचा चिकटपणा काढायला मऊ कापडाला किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ते मिळतं. अत्तर, सेंट, रॉकेल नको. पाणी थेट शिंपडू नका.

साध्या डेस्कटॉपच्या कीबोर्डचं बटण वर उचलून काढता येतं. आधी मोबाइलवर पूर्ण कीबोर्डचा फोटो काढून ठेवा, नाहीतर बसवताना जागा आठवत नाहीत. स्पेस, एंटर आणि शिफ्ट या लांब बटणांखाली बारीक तार असते, त्यांना हात लावू नका. लॅपटॉपची बटणं तर घरी काढूच नयेत, खालची कात्रीसारखी प्लास्टिकची पट्टी एकदा मोडली की ते बटण गेलंच.

एकदम चार-पाच बटणं बंद

हे कळायला कीबोर्डच्या आत डोकवावं लागेल. वर शंभरावर बटणं दिसतात, पण प्रत्येकाला स्वतंत्र वायर नसते. आत प्लास्टिकचे पातळ पापुद्रे असतात, त्यांवर आडव्या आणि उभ्या रेघा छापलेल्या असतात, आणि या रेघांतून वीज जाते. बटण दाबलं की एक आडवी आणि एक उभी रेघ एकमेकींना टेकतात, त्यावरून संगणक अक्षर ओळखतो. शाळेतल्या हजेरीपटासारखंच हे. नाव आडव्या ओळीत, तारीख उभ्या रकान्यात, दोन्ही मिळतात तिथं खूण. एखादी रेघ तुटली की त्या रेघेवरची सगळी बटणं एकदम जातात, मग ती शेजारी-शेजारी नसली तरी. असं झालं तर साफसफाई करत बसू नका. बाहेरचा साधा कीबोर्ड असेल तर नवा आणा, काही शे रुपयांत मिळतो. लॅपटॉप असेल तर कारागिराला दाखवा. आतल्या वायरीची पट्टी सैल झाली असेल तर ती नीट बसवून भागतं, नाहीतर कीबोर्ड बदलावा लागतो. तोपर्यंत यूएसबीचा बाहेरचा कीबोर्ड लॅपटॉपला लावून काम चालू ठेवता येतं. मुलीचा सराव थांबायचं काहीच कारण नाही.

दुरुस्तीला देताना एक काळजी घ्या. नुसता कीबोर्ड बदलायला तुमचा पासवर्ड लागत नाही. कीबोर्ड बसवल्यावर समोर उभं राहून पासवर्ड स्वतः घाला, तेवढ्यात बटणांची चाचणीही होते. घरातले फोटो, कागदपत्रं त्यात असतात, हे विसरू नका.

चहा सांडला तर

आधी वीज. लॅपटॉप असेल तर चार्जर काढा, पॉवरचं बटण दाबून धरून तो ताबडतोब बंद करा. फाइल जतन करायला थांबू नका. बॅटरी निघत असेल तर काढा. लॅपटॉप उघडा ठेवून तंबूसारखा उलटा उभा करा, म्हणजे पाणी आत मुरण्याऐवजी खाली गळेल. कडक उन्हात ठेवू नका. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात प्लास्टिक वाकेल. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवाही नको. तांदळाच्या डब्यात ठेवून आतली साखर निघत नाही. साखरेचा चहा नुसत्या पाण्यापेक्षा वाईट, कारण तो वाळला तरी चिकटून राहतो आणि आतले जोड गंजवतो. म्हणून वाळल्यावर चालू करून बघण्याचा मोह टाळा, लॅपटॉप कारागिराकडंच न्या.

आज रात्रीच फॉर्म भरायचाय

शेवटची तारीख आणि बंद पडलेलं बटण यांची गाठ नेहमी पडते. विंडोजचं बटण आणि कंट्रोल धरून ओ दाबा, पडद्यावर कीबोर्ड उघडेल. माउसनं एकेक अक्षर टिपत फॉर्म पूर्ण करता येतो. एकच अक्षर अडत असेल तर दुसऱ्या कुठल्याही मजकुरातून ते माउसनं उचलून आणा आणि चिकटवा. काम हळू होईल, पण तारीख हुकणार नाही.

आणि आता नावाचं

शिफ्टचं बटण दोन ठिकाणी असतं, डावीकडं आणि उजवीकडं. टायपिंग शिकलेला माणूस उजव्या हाताच्या अक्षरासाठी डावं शिफ्ट धरतो. इनस्क्रिप्टमध्ये बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला आहेत, म्हणून डाव्या शिफ्टवर फार भार येतो. ते मेलं तर ख चा क होतो, श चा स होतो, ठ चा ट होतो, फ चा प होतो. आता आपली नावं घेऊन बघा. शेख चं होतं 'सेक'. खान चं 'कान'. पठाण चं 'पटाण'. फातिमा ची 'पातिमा'. पुढं डी बटणाकडं या. इनस्क्रिप्टमध्ये पाय मोडायची खूण त्याच्यावर आहे आणि शिफ्टसह 'अ' ही त्याच्यावरच आहे. ते एकटं बटण मेलं तर सय्यद चं 'सययद', मुल्ला चं 'मुलला', अत्तार चं 'ततार' आणि अब्दुल चं 'बदुल' होतं.

वाचताना हसू येईल. पण हेच नाव दाखल्यावर, शिष्यवृत्तीच्या अर्जावर किंवा जातीच्या प्रमाणपत्राच्या अर्जात गेलं की हसू मावळतं. बागवान, अत्तार, मोमीन, तांबोळी, पिंजारी अशा कुटुंबांतल्या मुलांना इतर मागासवर्गाच्या सवलतीसाठी वडिलांच्या, आजोबांच्या कागदांशी स्वतःचं नाव जुळवून दाखवावं लागतं. एका मात्रेचा फरक पडला तरी "हे दोघं एकच कशावरून?" हा प्रश्न येतो. मग अर्ज, प्रतिज्ञापत्र, फेऱ्या. आई मजुरी बुडवून रांगेत उभी राहते, आणि मूळ कारण असतं कुणाच्या तरी टेबलावरचं एक अडकलेलं बटण.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी सेवा केंद्रावर फॉर्म भरून आली. तिथल्या मुलानं "हो गया" म्हणून पावती पुढं केली. तिनं पावती घेतली नाही, आधी पडद्यावर नाव वाचलं. तिच्या आडनावातला ख नव्हता. ती म्हणाली, "भैया, दूसरा शिफ्ट दबाओ." त्यानं उजवं शिफ्ट दाबलं आणि ख उमटला. अर्ध्या मिनिटाचं काम. ती गप्प राहिली असती तर पुढची दोन वर्षं तिच्या वडिलांना कागद घेऊन फिरावं लागलं असतं.

म्हणून घरच्या कीबोर्डची चाचणी कशी घ्यायची ते सांगते. इंग्रजीसाठी टायपिंगवाले 'क्विक ब्राउन फॉक्स'चं वाक्य वापरतात, कारण त्यात सव्वीसही अक्षरं येतात. आपण मराठीसाठी आणि उर्दूसाठी घरातल्या सगळ्यांची पूर्ण नावं टाइप करू. दादा-दादी, नाना-नानी, अम्मी-अब्बू, सगळी मुलं. डावं शिफ्ट एकदा, उजवं शिफ्ट एकदा. मग तो कागद आधार कार्डाशेजारी आणि शाळेच्या दाखल्याशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. कीबोर्डची परीक्षा होईल आणि कागदांचीही. एखादा फरक आज घरात सापडला तर तो प्रवेशाच्या रांगेत सापडण्यापेक्षा बरा.

आणि सेवा केंद्रावर कुणी कितीही घाई केली, तरी 'सबमिट' दाबण्याआधी मुलालाच पुढं बसवा आणि त्याला त्याचं नाव मोठ्यानं वाचू द्या.